वारेच्या पेशींतली बंद जनुकं: प्रयोगशाळेत कशी दाखवायची

गर्भाची निम्मी जनुकं वडिलांची, म्हणजे आईच्या प्रतिकारशक्तीच्या लेखी परकी. तरी वार फेकली जात नाही. याच्या कारणांपैकी एक असं की वारेतल्या ट्रोफोब्लास्ट पेशी (वारेचा बाहेरचा थर बनवणाऱ्या) एचएलए ही पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं, म्हणजे तिची ‘ओळखपत्रं’, निवडून दडवतात. आईच्या रक्तात बुडालेल्या थरावर वर्ग १ (ए, बी, सी, ई, जी) आणि वर्ग २ (डीआर वगैरे) दोन्ही नसतात. गर्भाशयात शिरणाऱ्या पेशींवर एचएलए-ए आणि बी नसतात, पण सी, ई आणि जी असतात. त्यामुळे अहवालात ‘एचएलए बंद’ असं सरसकट लिहू नका. पूर्ण कोऱ्या पेशीवर एनके पेशी (ओळखपत्र नसलेल्या पेशी मारणाऱ्या प्रतिकारपेशी) तुटून पडू शकतात. एचएलए-ई त्यांच्या एनकेजी२ए या ग्राहीला धरून त्यांना थोपवतो.

एम.एस्सी.च्या पातळीवर वर्ग २ चा स्विच, म्हणजे वर्ग २ ची जनुकं चालू करणारं सीआयआयटीए हे जनुक तपासणं सोपं. पेशी जेईजी-३ (वारेच्या कर्करोगातून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या), तुलनेला हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या), कारण इंटरफेरॉन-गॅमा हे प्रतिकारशक्तीचं निरोप्या-प्रथिन दिल्यावर हेलावर एचएलए-डीआर हे वर्ग २ चं प्रथिन येतं. पुण्यात गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचं पेशीभांडार आहे. काय उपलब्ध आहे ते आधी विचारून मागणी द्या. गोठवलेली कुपी कात्रजपर्यंतच न्यायची असली तरी कोरड्या बर्फातच न्या, एप्रिल-मेत तर नक्कीच. आल्यावर पहिलं काम मायकोप्लाझ्मा (पेशींच्या वाढीत लपून राहणारे सूक्ष्म जीवाणू) चाचणी. संसर्ग झालेल्या पेशींची प्रतिकार-जनुकं आपोआप हलतात आणि पुढचे सगळे आकडे वाया जातात.

सहा विहिरींच्या प्लेटमध्ये दर विहिरीला सुमारे दीड लाख पेशी पेरा; पोषक माध्यम ईएमईएम, १० टक्के सीरम, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. डेसिटाबिन हे औषध डीएनएवरचं मिथायलेशन, म्हणजे जनुकं बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, उतरवतं. चार गट करा: काहीच नाही, फक्त इंटरफेरॉन, फक्त डेसिटाबिन, दोन्ही. चारही गटांत डीएमएसओ (औषध विरघळवायचा द्रव) सारखंच हवं. डेसिटाबिन १ मायक्रोमोलर, तीन दिवस, दर २४ तासांनी माध्यमासकट ताजं. ते ३७ अंशांना पाण्यात टिकत नाही. एकदाच टाकून मोकळे झालात तर परिणाम अर्धवट येतो. शिवाय ते विभागणाऱ्या पेशींतच डीएनएत शिरतं. प्लेट आधीच दाट भरली असेल तर काहीच होत नाही आणि दोष औषधाला जातो. मग इंटरफेरॉन-गॅमा, ५० नॅनोग्रॅम प्रति मिलि.

आता प्रयोगाचा कणा. नुसतं ‘सीआयआयटीए दिसलं नाही’ याला अर्थ नाही; इंटरफेरॉनचा निरोप पेशीत पोचला हे आधी सिद्ध करा. त्यासाठी ४ ते ६ तासांनी आरएनए काढून आयआरएफ१ (इंटरफेरॉनमुळे लवकर चालू होणारं जनुक) मोजा. ते चढलं आणि २४ तासांनी सीआयआयटीए सपाटच राहिलं, तरच अडथळा त्या जनुकापाशी आहे असं म्हणता येतं. आयआरएफ१ सुद्धा सपाट असेल तर इंटरफेरॉन निकामी आहे किंवा निरोपाची वाटच मंद आहे; हेलाचा निकाल पाहिला की कोणतं ते कळतं. आरएनएवर डीएनएझ (मिसळलेला डीएनए तोडणारं विकर) चालवा आणि तुलनेची संदर्भ-जनुकं किमान दोन ठेवा.

पृष्ठभागावरचं डीआर ४८ तासांनी फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशीची चमक मोजणारं यंत्र) डीआरला चिकटणाऱ्या एल२४३ प्रतिपिंडाने पाहा: नळीला दोन ते पाच लाख पेशी, बर्फावर अंधारात ३० मिनिटं. आयसोटाइप (डीआरला न चिकटणारं, तुलनेचं प्रतिपिंड) आणि मृत पेशींचा रंग वगळू नका. डेसिटाबिनने बऱ्याच पेशी मरतात आणि मेलेली पेशी कुठलंही प्रतिपिंड चिकटवून घेते. खोटं ‘पॉझिटिव्ह’ बहुतेक वेळा इथूनच येतं.

दोन्ही दिलेल्या गटात सीआयआयटीए चढलं तर मिथायलेशनचा हात असल्याचा तो संकेत, पुरावा नव्हे. डेसिटाबिन सगळ्या जनुकसंचावरचं मिथायलेशन उतरवतं. सीआयआयटीएच्या चौथ्या प्रमोटरचं (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) बायसल्फाइट सिक्वेन्सिंग, म्हणजे तिथलं मिथायलेशन वाचणारी चाचणी, केल्याशिवाय पुढचं विधान करू नका. आणि जेईजी-३ ही कोरिओकार्सिनोमाची, म्हणजे कर्करोगाची पेशी आहे. खऱ्या वारेबद्दल बोलायचं तर प्रसूतीनंतरची ऊती लागते, आणि त्यासाठी नैतिकता समितीची परवानगी व आईची लेखी संमती नमुना घेण्याआधी हातात हवी.