फासा टाकण्याआधीची कामं

भूमिका निभावण्याच्या व्हिडिओ गेममध्ये (आरपीजी) संवादात चार पर्याय समोर आले की मी आधी वाक्य वाचते, त्यामागचं कौशल्य नंतर. पहारेकऱ्याला धमकावण्यात तुमचा बोनस, म्हणजे फाशाच्या आकड्यात मिळवायचे गुण, सर्वांत मोठा असेल, पण पुन्हा त्याच दारातून यायचं असेल तर यशस्वी धमकीही महागात पडू शकते. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये तर पर्यायापुढे फक्त कौशल्याचं नाव दिसतं, किती आकडा गाठायचा, म्हणजे डीसी, तो रोलच्या, म्हणजे फासा टाकण्याच्या, पडद्यावरच कळतो. तोवर तोंडातून शब्द गेलेला असतो! त्यामुळे मागणी किती अवाजवी आहे हे वाक्यावरूनच ताडायचं.

त्याहून आधीचं काम म्हणजे बोलायला कोण जाणार ते ठरवणं. या गेममध्ये संभाषण जो सुरू करतो, रोल सहसा त्याच्याच माथी येतो. तलवारबाज पुढे चालत असेल आणि कुणी येऊन अडवलं, तर गोडबोल्या बार्ड (गाणारा-वाजवणारा जादूगार) मागे उभा राहून नुसता ऐकत बसतो. वस्तीत शिरताना कॅरिस्मावाल्याला, म्हणजे बोलण्याने छाप पाडणाऱ्याला, पुढे काढा.

आता गणित. डीसी १५, तुमचा बोनस ५. वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे शक्यता ५५ टक्के. इथेच बटण दाबणारे नंतर नशिबाला बोल लावतात. सोबतीपैकी कुणाकडे ‘गायडन्स’ हा मंत्र असेल तर रोलच्या पडद्यावरच ते जोडता येतं: चार बाजूंचा आणखी एक फासा, सरासरी अडीच गुण. शक्यता साडेसदुसष्टवर. ‘ॲडव्हान्टेज’ मिळालं, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा, तर एकट्या त्यानेच ती ८० च्या आसपास जाते. दोन्ही जमलं तर ८९. एवढंच की गायडन्सला एकाग्रता लागते; टाकणाऱ्याने दुसरा एकाग्रतेचा मंत्र धरून ठेवला असेल तर तो दुसरा मंत्र सुटतो. आणि कितीही बोनस लावा, फाशावर सरळ १ पडला की चेक, म्हणजे फाशाची ती परीक्षा, गेला. त्यासाठी इन्स्पिरेशन आहे: एक खर्चलं की फासा पुन्हा टाकता येतो. एका वेळी चारच साठतात, नंतरचे वाया जातात, तेव्हा चार झाले की खर्चायला लागा.

‘डिस्को एलिझियम’चा हिशेब निराळा. तिथे सहा बाजूंचे दोन फासे, आणि बेरीज मध्याकडे झुकते. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक गुण पाच टक्क्यांचा. इथे मात्र ८ ऐवजी ७ पुरेसे झाले की शक्यता ४२ वरून ५८ टक्क्यांवर उडी मारते, आणि १२ ऐवजी ११ पुरेसे झाले तर जेमतेम ३ वरून ८ वर. म्हणून कपडे बदलून मिळणारा एखादा गुण मधल्या चेकवर लावा, अशक्यप्राय चेकवर उधळू नका. पांढरा चेक हरला तर त्या कौशल्यात गुण टाकून किंवा नवी माहिती शोधून पुन्हा उघडता येतो. त्यासाठी मी एक कौशल्यगुण नेहमी राखून ठेवते. लाल चेक एकदाच.

‘फॉलआउट: न्यू व्हेगस’मध्ये संवादाला फासाच नाही. ५० हवेत आणि ४९ आहेत, तर नाही म्हणजे नाही. बोलण्याआधी योग्य मासिक वाचलं की कौशल्य काही काळ १० ने वाढतं, एवढं लक्षात ठेवा. कमी पडत असताना पर्यायातलं वाक्य मुद्दाम बावळट लिहिलेलं असतं. ते वाचण्यासाठी मी कधीकधी मासिक खिशातच ठेवते.

राहिला जुना सेव्ह उघडण्याचा मोह. वाक्याचा सूर गेमने भलताच लावला, किंवा सोबती कायमचा जाणार असेल, तर खुशाल उघडा. बाकी वेळी हरल्यावर निदान दहा ओळी पुढे वाचा आणि मग ठरवा. डिस्कोत काही प्रसंग फक्त हरल्यावरच दिसतात, आणि त्यांतले काही जिंकल्यावर मिळणाऱ्यांपेक्षा सरस आहेत.