कादंबरी अडलीय? आधी वाचन तपासा

पहिल्या कादंबरीचं एक प्रकरण मी लालबागच्या मामांना वाचून दाखवलं होतं. काळ १९६८. नायक परळच्या गिरणीतून सुटतो आणि ट्राम पकडतो. मामांनी हातातली बशी खाली ठेवली. "ट्राम कुठून आणलीस रे? ती चौसष्ट सालीच गेली. शेवटच्या रात्री आम्ही सगळे बघायला गेलेलो." मग जरा थांबून, "आणि हे यंत्रमाग, यंत्रमाग काय लावलंयस? यंत्रमाग भिवंडीत. आमच्याकडे साचे. साचेखातं म्हण."

गिरणगावावरची डझनभर पुस्तकं मी तोवर वाचली होती, वाचताना डोळ्यांत पाणीही आलं होतं. त्यांत 'साचा' कुठेतरी आलाच असणार. माझ्या हाताला तो लागला नाही, कारण मी हळहळायला म्हणून वाचत होतो. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: लिहिताना जे अडतं, ते बहुतेकदा वाचतानाच बिघडलेलं असतं.

काळ चुकतो

त्या दिवसानंतर मी एक दोनशेपानी वही केली. एका पानाला एक साल. ३१ मार्च १९६४, ट्राम बंद. २ ऑक्टोबर १९७२, मुंबई दूरदर्शन सुरू. १८ जानेवारी १९८२, गिरणी संप. १९९६, व्हीटीचं सीएसटी. २०१८, एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी. वाचताना जे सापडेल ते त्या त्या पानावर टाकायचं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८पासून आहे. जुनी नियतकालिकं चाळायला तिथे गेलात तर अग्रलेख सोडा, जाहिराती वाचा. साबण केवढ्याला होता, लोक कसल्या दुखण्याला घाबरत होते, कुठलं टॉनिक खपत होतं, हे अग्रलेखात कधीच येत नाही.

या वहीचा एक धोकाही आहे. साल बरोबर आलं म्हणून बोलणं बरोबर येत नाही. २०१९ साली डब्यात उभी असलेली पन्नाशीची बाई "व्हीटी फास्ट आहे का ही?" असंच विचारते. तिच्या तोंडी स्टेशनचं पूर्ण नवं नाव घातलंत, तर ती प्लॅटफॉर्मवरची अनाउन्समेंट वाटेल.

मधली प्रकरणं लोंबकळतात

नवे लिहिणारे मला सगळ्यात जास्त हेच सांगतात. पहिली पन्नास पानं पळतात, शेवट डोक्यात तयार असतो, मध्ये मात्र पात्रं चहा पितात. चहा पितात, खिडकीतून पाऊस बघतात, परत चहा ठेवतात. माझ्या बाबतीत याचं कारण डोंबिवली लोकलमध्ये होतं. कादंबऱ्या मी वाचायचो त्या डोंबिवली ते दादर, तेही टेकायला जागा मिळाली तर. अशा तुकड्यांत वाक्य कळतं, वर्णन कळतं, बांधणी काही कळत नाही. चाळीस पानांपूर्वी पेरलेली गोष्ट आता उगवली, हे लक्षात यायला ती चाळीस पानं डोक्यात ताजी लागतात.

आता लोकलमध्ये कथा, कविता, ललित. कादंबरी रविवारी, एका बैठकीला साठ-सत्तर पानं, फोन दुसऱ्या खोलीत. (दुसरी खोली असेल तर. नसेल तर बायकोच्या पर्समध्ये.)

दुसरा उपाय थोडा कंटाळवाणा आहे, पण मला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. आवडलेली एखादी कादंबरी पेन्सिल घेऊन पुन्हा वाचा आणि प्रत्येक प्रकरणापुढे एकच ओळ लिहा: आधी ठाऊक नव्हतं असं काय वाचकाला आता कळलं? मग हाच प्रयोग स्वतःच्या बाडावर करा. माझ्या बाडात नवव्यापासून चौदाव्या प्रकरणापर्यंत लिहायला काहीच सापडेना. सहाच्या सहा काढली. त्यातली एका खानावळवाल्या म्हातारीची गोष्ट तेवढी जीव तुटत होता म्हणून दोन पानांत वाचवली. बाकीच्या पानांची आजवर कुणी चौकशी केलेली नाही.

दुसऱ्याचा आवाज लागतो

खर्डा चालू असताना एकाच लेखकात बुडून राहू नका. भाऊ पाध्यांची 'वासूनाका' १९६५ची. त्यातली पोरं नाक्यावरच्याच भाषेत बोलतात. ती वाचून मी महिनाभर शिव्या लिहिल्या. शिव्या हुबेहूब होत्या, पण कान उसना होता. आमच्या घरी 'साला' म्हटलं तरी आजी ताट वाढत नसे, तिथे माझ्या नायकाला नाका कुठून येणार? हल्ली लिहीत असेन तेवढे महिने आवडते कादंबरीकार कपाटात. त्या काळात आत्मचरित्रं, गॅझेटियर, पाककृतींची पुस्तकं. त्यांचा आवाज तसा अंगाला चिकटत नाही, आणि वहीची पानं भरतात ती वेगळीच.

प्रेरणेची वाट पाहणं

यावर फार बोलण्यासारखं नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात हप्त्याहप्त्याने कादंबऱ्या छापल्या. आठवडा भरला की मजकूर हवाच. मी पहाटे साडेपाच ते साडेसहा लिहितो, कारण त्यानंतर पाणी येतं.

स्वतःचं लिखाण वाचताच येत नाही

दुसरी कादंबरी वरळी कोळीवाड्यातली. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केली होती, छपाईआधी युनिकोडमध्ये बदलून घेतली. त्यात रफाराचा घोळ झाला आणि 'दर्या'चा झाला 'दऱ्या'. मी स्क्रीनवर दोनदा वाचली. दोन्ही वेळा डोळ्यांनी मनातलंच वाचलं. आता पहिल्या ओळीपासून युनिकोड. फॉन्ट बदलावाच लागला, तर 'र्य' आणि 'ऱ्य' असलेले शब्द एकेक करून शोधतो. शेवटचं वाचन कागदावर आणि मोठ्याने, मग शेजारी काय वाटेल ते म्हणोत.

पण ही अक्कल नंतरची. तेव्हा पहिली प्रत घेऊन मी थेट मामांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून पुस्तक उघडलं, दहा-बारा पानं उलटली, एका जागी थांबले.

"काय रे, हा नाखवा होडी घेऊन दऱ्यात कशाला शिरलाय? घाटात?"