थंडीची वाट पाहू नका: गोव्यातल्या परसबागेत या चुका टाळा

बियाण्याच्या पाकिटावर ‘रब्बी’ छापलेले असते, यूट्यूबवर नाशिककडचे कोणी हातभर लांब गाजर उपटून दाखवत असते, आणि इकडचा माणूस ‘थंडी पडली की लावू’ म्हणत नाताळापर्यंत थांबतो. पणजी-मडगावात तशी थंडी पडतच नाही. जानेवारीतही रात्री पारा 20 अंशांच्या आसपास, दुपारी 32 च्या घरात. वाळपई-सांगेकडे पहाट जरा जास्त गार, एवढाच फरक. आपल्याला भाजी पिकवून देते ती पावसानंतरची उघाड: स्वच्छ ऊन आणि विहिरीत भरपूर पाणी. वायंगणी शेती, म्हणजे पावसाळ्यानंतरचे भात, करणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही.

म्हणून वांगी, टोमॅटो, मिरची, नवलकोल यांची रोपे चतुर्थी आटोपल्यावर, सप्टेंबरअखेर छपराखाली टाकावीत आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास वाफ्यात लावावीत. डिसेंबरअखेर लावलेला टोमॅटो भर फुलावर येईतो उकाडा सुरू झालेला असतो आणि फुले गळायला लागतात. उलट घाईही नको. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाटी सरी येतात. त्या दिवसांत सपाट जमिनीत पेरलेला मुळा आणि मेथी कुजते. वाफा वीतभर उंच केला की हा प्रश्न मिटतो.

चुकीचे वाण

फ्लॉवरची पाने डेरेदार होतात आणि गड्डा लिंबाएवढा राहतो, ही तक्रार दरवर्षीची. उशिराच्या वाणांना गड्डा धरायला खरी थंडी लागते. इथे फक्त लवकर येणारे, उष्ण हवामानाचे वाण चालतात. रोप महिन्याहून जुने झाले तरी गड्डा असाच खुरटा राहतो. कोबीलाही वाण बघूनच हात घालावा. मटार आणि लसूण यांचा हट्ट मी तरी धरणार नाही. तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, नवलकोल, आळसांदे (चवळी), वाल, वांगी हे आपल्या मातीतले गडी. त्यांना सोडून ब्रोकोलीच्या मागे का लागायचे, हे मला कळत नाही.

मे महिन्यात निवडलेली जागा

मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कलतो की 3 मीटर उंचीच्या भिंतीची भर दुपारची सावली उत्तरेकडे जवळजवळ अडीच मीटर पडते. उन्हाळ्यात ऊन खाणारा घरामागचा वाफा मग दिवसभर सावलीत जातो. वांगी नुसती उंच वाढतात, फळ धरत नाहीत, आणि लोक खत कमी पडले म्हणून युरिया टाकतात. पाने आणखी माजतात, मावा येतो. भाजी घराच्या दक्षिणेला लावा. उत्तरेच्या सावलीत पुदिना आणि अळू खुशाल वाढू द्या.

जांभ्याची माती

चिऱ्यांच्या खाणीतली तांबडी माती आम्लधर्मी असते. स्फुरद (फॉस्फरस) त्यात अडकून राहते, कितीही शेणखत घाला, रोप निस्तेजच. लागवडीआधी दोन-तीन आठवडे दर चौरस मीटरला साधारण 200 ग्रॅम चुना मिसळावा. चुना आणि शेणखत एकाच दिवशी मात्र घालू नये. खतातले नत्र वायू होऊन उडून जाते. चुलीची राखही चालते, पण मूठभर, टोपलीभर नव्हे.

हिरवेगार झाड अचानक मान टाकते

गोव्यातल्या वांगी-टोमॅटो-मिरचीचा खरा वैरी हा. सकाळी टवटवीत असलेले झाड दुपारी लोंबते, संध्याकाळी सावरते, आणि तीन-चार दिवसांत हिरवे असतानाच मरते. पाणी कमी पडले असे समजून बहुतेकजण वर आणखी दोन बादल्या ओततात. ते तर रोगाला आमंत्रण, कारण हा जिवाणूजन्य मर रोग ओल्या, उबदार, आम्ल मातीत फोफावतो आणि पाण्याबरोबर शेजारच्या झाडाकडे जातो.

खात्री करून घेणे सोपे आहे. बुंध्याजवळचे बोटभर खोड धारदार सुरीने कापा आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात कापलेले टोक बुडेल असे धरून ठेवा. हलवू नका. काही मिनिटांत कापावरून दुधाळ पांढरे धागे, अगरबत्तीच्या धुरासारखे पण खालच्या दिशेने, सुटायला लागले तर मर रोगच. धागे नाहीत, खालची पाने आधी पिवळी पडलीत, तर बुरशीचा संशय घ्या. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक किडे.

मर रोगावर औषध नाही. दुकानदार देईल ती पुडी घेऊ नका. झाड मुळाच्या मातीसकट उपटून जाळा, कंपोस्टात टाकू नका, खुरपे धुऊन वाळवा. त्या वाफ्याचे पाणी पुढच्या वाफ्यात वाहू देऊ नका. जिवाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतो, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षे तिथे वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा बंद. मका, आळसांदे, तांबडी भाजी, काकडी चालेल. टोमॅटो हवाच असेल तर दुसऱ्या वाफ्यात बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ लावा. तो या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही. वांग्यात ‘अर्का केशव’ आणि ‘अर्का निधी’ आहेत. अर्का रक्षक संकरित आहे, तेव्हा त्याचे बी धरून ठेवण्यात अर्थ नाही.

कोथिंबीर

अख्खे धणे पेरतात, दहा दिवस वाट बघतात आणि बियाणे वाईट म्हणून मोकळे होतात. धणा हलकेच रगडून दोन डाळी करायच्या, रात्रभर भिजवायचा, मग पेरायचा. रोप उपटून दुसरीकडे लावायचे नाही, ते लगेच फुलोऱ्यावर येते. एकदम परातभर पेरण्याऐवजी दर पंधरवड्याला एक ओळ पेरली तर घरात सतत पाने मिळतात. फेब्रुवारीनंतर हा नाद सोडलेला बरा.

पाण्याचे एकच सांगतो: सकाळी, बुंध्याशी. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या ग्रो बॅगची वरची पपडी कोरडी दिसली तरी आत बोट घालून बघा. खाली चिखल असतो. आणि खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, काठच्या विहिरीचे पाणी फेब्रुवारीपासून आधी जिभेवर घ्या. खारट लागले, पानांच्या कडा करपायला लागल्या, तर त्या पाण्यावर आळसांदे लावू नयेत.