नव्या पूलचं दुधाळ पाणी निवळवायचं कसं

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-नातवंडं येणार म्हणून मळ्यात पोहायचा पूल बांधून घेतला. बोअर रात्रंदिवस चालवून भरला, दुकानदाराने दिलं ते क्लोरीन टाकलं आणि सकाळी बघावं तर पाणी पांढुरकं, तळाची निळी टाइल दिसेना. बांधावरून शेजारी विचारतो, "दूध सांडनं का काय भो?" खानदेशात सावदा-फैजपूरपासून शिरपूर-दोंडाईचापर्यंत कुठल्याही नव्या पूलच्या मालकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल.

अशा वेळी हात पहिल्यांदा तुरटीकडे जातो. तो आवरा. तुरटीचं काम आहे, पण सगळ्यात शेवटी, आणि पुष्कळदा तिची गरजच पडत नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, म्हणजे त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले. नव्या सिमेंटमधून, टाइल्सच्या सांध्यांतल्या ग्राउटमधून चुना पाझरत राहतो आणि पाण्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) आठच्या वर नेऊन ठेवतो. पीएच चढला की विरघळलेलं कॅल्शियम बारीक पांढऱ्या कणांच्या रूपात बाहेर पडतं आणि पाण्यात तरंगत राहतं. त्यात बांधकामाची धूळ, टाइल घासल्याची भुकटी मिसळते. म्हणून आधी पीएच, मग फिल्टर, मग क्लोरीन, आणि एवढं करून राहिलंच तर तुरटी. हा क्रम मोडला की पैसे आणि पाणी दोन्ही वाया जातं.

एक गोष्ट मात्र करू नका: वैतागून पूल रिकामा करू नका. उन्हाळ्यात पन्नास हजार लिटर पाणी पुन्हा कुठून आणणार? आणि आणलं तरी ते त्याच बोअरचं, म्हणजे तोच क्षार पुन्हा भरला जाणार. शिवाय मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा रिकामा, ताजा पूल उन्हात तापून ग्राउटला तडे जातात. पावसाळ्यात उलटी भीती. जमिनीत पाणी वर आलेलं असलं तर रिकाम्या पूलला ते खालून उचलू पाहतं.

१. आधी ग्लासात बघा

स्वच्छ काचेच्या ग्लासात पूलचं पाणी घ्या आणि उजेडात धरा. गढूळपणा खालून वर सरकत मिनिटभरात निवळला, तर ते हवेचे बुडबुडे आहेत. पंपाच्या सक्शन बाजूला कुठेतरी हवा घेतेय. स्ट्रेनरच्या झाकणाची रिंग बघा, औषधावर पैसे घालवू नका.

तसं झालं नाही तर ग्लासात थोडा व्हिनेगर टाकून ढवळा. पाणी स्वच्छ झालं तर दोष चुन्याचा. फरक पडला नाही आणि रात्रभर ठेवल्यावर तळाशी गाळ बसला, तर ती धूळ-माती. सकाळीही ग्लास तसाच धूसर असेल तर कण इतके बारीक आहेत की आपोआप बसणार नाहीत. तिथे शेवटी तुरटी लागेल. नव्या पूलमध्ये बहुधा दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात, पण जास्त काय आहे ते कळतं.

पाणी हिरवट असेल तर शेवाळ धरायला लागलं आहे. क्लोरीन टाकल्यावर चहासारखा रंग आला तर बोअरच्या पाण्यात लोह आहे. त्या दोन्हींचे उपाय वेगळे, इथे त्यात जात नाही.

२. पाणी किती आहे ते काढा

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला हजारने गुणा. दहा मीटर लांब, चार मीटर रुंद, एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दीड मीटर खोल असा पूल असेल तर सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे ५०,००० लिटर. पुढचे सगळे आकडे याच पूलचे आहेत, आपापल्या मापाने कमी-जास्त करा. ठेकेदाराने तोंडी सांगितलेल्या लिटरवर जाऊ नका, टेप लावा.

३. पीएच उतरवा

थेंब टाकून रंग बघायचं टेस्ट किट पूलच्या सामानाच्या दुकानात मिळतं. पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान हवा. नव्या पूलमध्ये पहिल्यांदा मोजलं की रंग पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला जाऊन बसतो. किटची पट्टी ८.२-८.४ लाच संपते, म्हणून खरा पीएच त्याहूनही वर असू शकतो, हे ध्यानात ठेवा. पाण्यात क्लोरीन फार असेल तर थेंबांचा रंगही फसवतो. अशा वेळी दिवसभर थांबून मोजा.

पीएच उतरवायला हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं. ठिबकच्या नळ्यांतले क्षार काढायला केळीच्या बागेत वापरतात तेच. ५०,००० लिटरला साधारण ३० टक्क्यांचं ॲसिड आधी अर्धा लिटर टाका. प्लास्टिकच्या बादलीत पाणी भरून त्यात ॲसिड ओता. ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. पंप चालू ठेवून खोल बाजूला, शिडीपासून आणि पायऱ्यांपासून लांब, चालत-चालत पसरून सोडा. एका जागी ओतलं तर कोवळं ग्राउट खाऊन टाकेल. हातमोजे आणि चष्मा घाला आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. चार तासांनी पुन्हा मोजा. लागलं तर पुन्हा अर्धा लिटर. एकूण एक ते दोन लिटरात बऱ्याचदा काम होतं, पण आपल्या जड पाण्यात क्षारता जास्त असल्याने ॲसिड जास्तही लागू शकतं. म्हणूनच मोजल्याशिवाय पुढचा डोस नाही.

पीएच साडेसातच्या खाली आला की चुन्याचे कण हळूहळू पुन्हा विरघळायला लागतात. हे तासाभरात होत नाही, दिवस-दोन दिवस द्या. काही पूल एवढ्यावरच निवळतात. नवं सिमेंट मात्र चुना सोडतच राहणार, तेव्हा पहिला महिनाभर पीएच पुन्हा-पुन्हा चढेल आणि पुन्हा-पुन्हा उतरवावा लागेल. त्यात बिघाड काही नाही.

दुकानदार कधीकधी "सोडा टाका, पाणी मऊ होईल" असं सांगतो. सोड्याने पीएच चढतो आणि जड पाण्यात तो टाकला की आणखी पांढरं होतं. घरी आणूच नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं म्हटलं आहे. पूलला २०० ते ४०० असला तर बरं. बोअरचं पाणी एकदा प्रयोगशाळेतून तपासून आणा. आकडा फारच वर आला तर पुढच्या वेळी पूल भरताना निम्मं पाणी विहिरीचं किंवा टाकीत साठवलेल्या पावसाचं वापरता येतं.

४. फिल्टरला काम करू द्या

ज्याने ठिबकचा सँड फिल्टर धुतला आहे त्याला पूलचा फिल्टर समजावून सांगायला नको. टाकी तीच, वाळूची कल्पना तीच, फक्त वर सहा दिशांचा व्हॉल्व्ह असतो. दोन गोष्टी मात्र नव्या पूलमध्ये हमखास राहून जातात.

पहिली, नवी वाळू धुतलेली नसते. ती भरल्यावर आधी बॅकवॉश (पाणी उलटं सोडून वाळू धुणं), मग रिन्स (सुलट पाण्याने खळखळवणं) करून तिच्यातली भुकटी बाहेर काढली नाही, तर तीच भुकटी इनलेटमधून पूलमध्ये येते आणि आपण दोष बोअरला देतो. बॅकवॉश करताना काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबा. दुसरी, वाळू कुठली हे विचारा. चाळलेली सिलिका वाळू, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर दाण्याची, हवी. तापी-गिरणेची बांधकामाची वाळू भरली असेल तर तिच्यात माती असते आणि दाणे सारखे नसतात. पाणी पोकळीतून तसंच निघून जातं.

व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्याआधी पंप बंद करा, दर वेळी. चालू पंपावर दांडा फिरवला की आतली गॅस्केट जाते, मग पाणी फिल्टर न होताच परत येतं आणि दोष शोधता शोधता आठवडा जातो. दांडा खरंच "फिल्टर" वर आहे का, "रिसर्क्युलेट" वर (तिथे पाणी वाळूतून न जाता परत फिरतं) तर नाही, तेही एकदा बघा.

पाणी निवळेपर्यंत पंप जमेल तितका वेळ चालवा, शक्य असेल तर चोवीस तास. फार्महाउस शेती फीडरवर असेल आणि थ्री फेज दिवसात आठच तास येत असेल, तर निवळायला तितके दिवस जास्त लागतील; औषध वाढवून ते भरून निघत नाही. फिल्टर स्वच्छ असताना गेजवर दाब किती असतो ते खडूने लिहून ठेवा. त्यापेक्षा आठ-दहा पीएसआय वाढला की बॅकवॉश. त्याआधी उगाच धुवू नका, थोडी घाण धरलेली वाळू अधिक बारीक कण अडवते. भिंती आणि तळ रोज ब्रशने घासा. ओव्हरफ्लोचा, म्हणजे काठावरून पाणी वाहणारा पूल असेल तर ते पाणी जमा होतं त्या बॅलन्सिंग टँकचं झाकण उघडून आत डोकावा. मिस्तरी बरंच काही तिथे सोडून गेलेला असतो.

५. क्लोरीन

पीएच ७.५ असताना क्लोरीनचा जवळपास अर्धा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. ८ ला तो पाव भागच उरतो. म्हणून क्लोरीनचा नंबर पीएचनंतर.

ग्रामपंचायतीच्या टाकीत टाकतात ती टीसीएल (ब्लिचिंग) पावडर स्वस्त असते, पण तिच्यात चुना असतो आणि न विरघळणारा पांढरा गाळही. आधीच चुन्याने पांढऱ्या झालेल्या पूलमध्ये ती टाकणं म्हणजे त्याच कणांची भर. नाइलाज असेल तर आदल्या रात्री बादलीत भिजवा, वरची निवळी तेवढी वापरा. त्यापेक्षा द्रव हायपोक्लोराइट बरं. १० टक्क्यांचं एक लिटर ५०,००० लिटरमध्ये साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) क्लोरीन देतं. पातळी १ ते ३ पीपीएम ठेवा. संध्याकाळी टाका; आपल्या उन्हात दिवसा टाकलेलं क्लोरीन तासा-दोन तासांत निम्म्याहून जास्त उडून जातं. दुकानाच्या पत्र्याखाली तापलेला कॅन घेऊ नका, उन्हाने त्याचा जोर ओसरलेला असतो.

ॲसिड आणि क्लोरीन एका बादलीत, एका मगात, एकाच वेळी कधीही नाही. त्यातून विषारी वायू निघतो. टीसीएल आणि क्लोरीनच्या गोळ्यांची पावडरही एकत्र करू नका, पेट घेऊ शकते.

६. तरीही धूसर असेल तर तुरटी

पीएच ७ ते ७.५ असताना तुरटी चांगली काम करते. आठच्या वर असताना टाकली तर तिचा काही भाग विरघळलेलाच राहतो आणि पुढे तोच पाणी पुन्हा धूसर करतो.

५०,००० लिटरला एक किलो घ्या. कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा आणि सगळ्या पूलभर शिंपडा. व्हॉल्व्ह "रिसर्क्युलेट" वर ठेवून तासभर पंप चालवा, म्हणजे तुरटीने बांधलेले कणांचे गठ्ठे वाळूत अडकणार नाहीत. मग पंप बंद. रात्रभर पाण्याला कुणी हात लावायचा नाही. इथे वीज गेली तरी बिघडत नाही, लोडशेडिंगचा एवढा एकच उपयोग.

सकाळी तळाशी कापसासारखा थर दिसेल. व्हॉल्व्ह "वेस्ट" वर (म्हणजे पाणी थेट बाहेर जातं) टाकून व्हॅक्युमने तो हळूहळू ओढा. घाई केली की थर उठतो आणि आणखी एक रात्र जाते. हे पाणी फिल्टरमधून नेऊ नका. पातळी जितकी उतरेल तितकं पाणी भरा आणि पुन्हा पीएच मोजा, कारण तुरटीने तो खाली येतो आणि बोअरच्या पाण्याने वर जातो.

तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसेपर्यंत पूलमध्ये कुणालाही उतरू देऊ नका, पोहता येणाऱ्यालाही नाही. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल काठावर उभ्या माणसाला दिसत नाही.

बॅकवॉशचं आणि व्हॅक्युमचं पाणी केळीला सोडू नका, केळीला क्लोराइड आणि क्षार सोसत नाहीत. वेगळा खड्डा करा. बॅकवॉशचं पाणी दोन-तीन दिवस उन्हात राहिलं की क्लोरीन उडतं, मग ते बांधावरच्या निंबाला चालेल. तुरटीचा गाळ मात्र वाळवून वेगळा टाका, विहिरीच्या आणि बोअरच्या जवळ नको.