जाम झालेला ड्रेन प्लग उघडण्याआधीची तयारी

इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल घरीच बदलणाऱ्यांची गाडी नेमकी ड्रेन प्लगपाशी, म्हणजे जुनं ऑइल काढायच्या खालच्या बोल्टपाशी अडते, आणि बहुतेकदा नुकसान होतं ते प्लग जाम असल्यामुळे नाही, तयारी नसताना जोर लावल्यामुळे. मुंबईत तर प्लग चिकटायला निमित्तच लागत नाही. समुद्राची खारी हवा, चार महिने साचलेल्या पाण्यातून गेलेली गाडी, ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये (खाली ऑइल साठतं त्या भांड्यात) लोखंडी प्लग. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल असली की गंज आट्यांपर्यंत शिरतो. त्यात आधीच्या मेकॅनिकने जुनाच वायसर ठेवून प्लग जीव खाऊन आवळला असेल तर बघायलाच नको.

म्हणून सर्वात आधी नवा प्लग आणि नवा वायसर घरात आणून ठेवा. जुना प्लग गोल झाला, तर त्या क्षणी दुकान शोधत फिरता येणार नाही, कारण गाडी वर उचललेली असेल. अवजारांसाठी मस्जिद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला जायचं, पण शनिवारीच जा. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. गोटी (सॉकेट) घ्यायची ती सहा कोनीच. बारा कोनी गोटी प्लगच्या कोपऱ्यांवर पकडते आणि गंजलेले कोपरे लगेच झिजवते. सहा कोनी सपाट बाजूंवर बसते. फिक्स पाना या कामाला हातातसुद्धा घेऊ नका. गोटीला लावायला लांब टॉमी, म्हणजे साधा लांब दांडा हवा, रॅचेट नको, कारण रॅचेटचे दाते एवढ्या जोरासाठी नसतात. वाइस ग्रिप (घट्ट पकडून राहणारी पक्कड), तारेचा ब्रश आणि मध्यम हातोडी जवळ असू द्या.

गाडी कुठे उचलणार हेही आधीच बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर घोडीचे (उचललेली गाडी टेकवायच्या जॅक स्टँडचे) पाय त्यात रुततात, म्हणून खाली जाड प्लायवूडचा तुकडा घाला. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. पुढची बाजू उचलत असाल तर मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये. जाम प्लगला लावलेल्या जोराने अख्खी गाडी हलते, म्हणून घोडीवर टेकवल्यावर बाजूने जोरात ढकलून बघा आणि मगच आडवे व्हा.

गिअरबॉक्सचं काम असेल तर एक गोष्ट मनात पक्की करा: ऑइल भरायचा वरचा प्लग आधी सैल करून बघायचा, मगच खालचा उघडायचा. खालून सगळं ऑइल काढलं आणि भरायचा प्लग हललाच नाही, तर गाडी जागेवरून हलवायची सोय उरत नाही.

आदल्या रात्री प्लगभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने काढा आणि कडेला, वायसर टेकतो तिथे, गंजात झिरपणारं पेनिट्रेटिंग ऑइल मारा. घरोघरी असलेला डब्ल्यूडी-४० मूळचा पाणी हटवायला बनवलेला आहे. जाम आट्यांसाठी खास पेनिट्रेटिंग म्हणून मिळणारा स्प्रे जास्त खोल जातो. मारल्यावर प्लगच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या, त्या कंपनाने गंजात चिरा पडतात आणि ऑइल आत सरकतं. सकाळी पुन्हा मारा. आच मात्र लावायची नाही. वर ऑइल, शेजारी पेट्रोलची लाइन, आजूबाजूला दहा गाड्या. बंद पार्किंगमध्ये ज्योत पेटवण्याइतकं कोणतंच काम महत्त्वाचं नसतं.

मग दिशा. गाडीखाली उताणं पडल्यावर डावं-उजवं उलटंपालटं होतं आणि अनुभवी माणूसही प्लग आवळत बसतो. प्लगच्या डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या उलट, हे ठरवून चेंबरवर खडूने बाण काढून ठेवा. गोटी पूर्ण खोल बसली आहे ना, बोटाने चाचपा. पहिला झटका आवळायच्या बाजूला, अगदी किंचित. गंजाची पकड सुटली की मग उलटा. सलग रेटण्यापेक्षा छोटे, नेमके झटके बरे. ‘कट्’ आवाज येऊन प्लग कडकपणे सुटला तर उत्तम. पण टॉमी मऊ लागली, प्लग पिळवटतोय असं वाटलं, की तिथेच हात काढा. तुटलेला प्लग काढायला ईझी आउट नावाचं उलट्या आट्यांचं अवजार वापरतात, पण ते अतिशय कडक असतं. आत मोडलं तर साध्या ड्रिलने निघत नाही. त्यापेक्षा गाडी खाली घेऊन टर्नरकडे (लेथवाल्याकडे) जाणं स्वस्त पडतं. आटे गेले असतील तर तो हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, घालून देईल.

ऑइल धरायला पसरट ट्रे ठेवा, चेंबरमधलं सगळं ऑइल मावून जागा उरेल एवढा. जळकं ऑइल गटारात ओतू नका, केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे. झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं ऑइल जमा करून घेणाऱ्या गॅरेजला द्या. नवा प्लग आधी बोटांनीच फिरवून बसवा, आडवा शिरत असेल तर तिथेच कळतं. आवळायचा तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच, टॉर्क पाना लावून. ऑइल भरल्यावर इंजिन थोडा वेळ चालवा, बंद करा, आणि प्लगभोवती कोरडा कागद फिरवून डाग येतो का ते बघा.