भुलेतल्या कुत्र्याला ट्यूब कोणत्या नंबरची? या चुका टाळा

भूल दिलेल्या कुत्र्याच्या श्वासनलिकेत श्वासाची ट्यूब टाकताना आपल्या पशुवैद्यांपैकी बहुतेकांचा हात लहान नंबरकडं जातो. भीतीपोटीच. मोठी ट्यूब घसा खरचटेल असं वाटतं, लहान पटकन आत सरकते, आणि टेबलाशेजारी मालक डोळे वटारून उभा असतो. मग बाजूनं हवा गळायला लागते. ती थांबवायला आपण सिरिंजनं कफ, म्हणजे ट्यूबच्या टोकाजवळचा फुगा, फुगवत राहतो आणि खरी इजा तिथं होते. जास्त फुगलेला कफ श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दाबून टाकतो. ज्या भीतीनं लहान ट्यूब घेतली तेच होऊन बसतं, फक्त कुत्रा घरी गेल्यावर.

शिवाय लहान ट्यूबमधून श्वास ओढणं सोपं नसतं. ट्यूबवरचा नंबर म्हणजे आतल्या पोकळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. हवेला होणारा अडथळा या व्यासाच्या चौथ्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतो. म्हणजे 8 बसत असताना 6 टाकली, तर अडथळा तिपटीच्या वर. कुत्रा पोटानं श्वास ओढताना दिसतो आणि आपण म्हणतो, भूल कमी पडली वाटतं!

तक्त्यावर डोळे झाकून विश्वास

10 किलोला 7 ते 8, 20 किलोला 9 ते 10, 30 किलोला 10 ते 12. हा तक्ता सुरुवातीला ठीक. पण लातूर जिल्ह्यातल्या जानवळकडचा सडपातळ शिकारी कारवानी कुत्रा आणि शहरात पोळी-बिस्किटांवर पोसलेला लॅब्राडोर दोघंही काट्यावर 30 किलो भरले, तरी त्यांना एकाच मापात बसवू नका. कारवानीच्या अंगावर चरबी नसतेच. लॅब्राडोरची चरबी पोटावर चढलेली असते, श्वासनलिका होती तेवढीच राहते. लठ्ठ कुत्र्याचं वजन किती असायला हवं होतं, ते धरून नंबर काढा.

पग आणि बुलडॉग तर तक्त्याला जुमानतच नाहीत. त्यांची श्वासनलिका मुळातच अरुंद असते. एका 9 किलोच्या पगसाठी मी एकदा तक्ता बघून 7.5 काढून ठेवली होती. ती जाईना, 6.5 ही जाईना. शेवटी 5.5 बसली, पण ती शोधेपर्यंत कपाटाचे सगळे खण उघडून झाले होते आणि पगची जीभ निळसर व्हायला लागली होती. तेव्हापासून अंदाजाची एक, तिच्याहून मोठी एक आणि लहान एक, अशा तीन ट्यूब भूल देण्याआधी टेबलावर असतात. पग असेल तर लहान बाजूच्या आणखी दोन.

नाकपुड्यांच्या मधल्या भागाला ट्यूब लावून माप घेणारे बरेच आहेत. त्यावर विसंबू नका. मानेवरून श्वासनलिका बोटांनी चाचपणं त्यापेक्षा बरं, पण शेवटचा निर्णय लॅरिंगोस्कोपच्या (घशात बघायच्या दिव्याच्या) उजेडात स्वरयंत्राचं तोंड बघूनच घ्या. जोर न लावता जाणारी सर्वांत मोठी ट्यूब ती बरोबर ट्यूब. अडली तर ढकलू नका, एक नंबर खाली या.

मोठ्या कुत्र्यांत अडचण वेगळीच असते. माणसांच्या मेडिकलमध्ये 9 च्या वरची ट्यूब सहसा मिळत नाही, म्हणून 35 किलोच्या जर्मन शेफर्डलाही 9 च टाकली जाते. 11, 12, 14 आधीच मागवून ठेवा. आणि लाल रबरी ट्यूबची भिंत जाड असते. आतून 8 असली तरी बाहेरून ती पीव्हीसीच्या 8 पेक्षा जाड भरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर तडकतं, ते वेगळंच. वापरण्याआधी कफ फुगवून दहा मिनिटं ठेवून बघा.

लांबी

पुढच्या दातांपासून खांद्याच्या टोकापर्यंत ट्यूब बाहेरून लावून बघा. जास्त आत गेली तर एकाच फुफ्फुसात हवा जाते आणि ऑक्सिजन घसरतो. तोंडाबाहेर लांबलचक लोंबत राहिली तर कुत्रा आपलीच सोडलेली हवा परत ओढतो. कारवानीच्या लांब मानेत मात्र ट्यूब अपुरी पडून कफ स्वरयंत्रातच अडकू शकतो.

कफ

भुलेच्या मशीनची हवा बाहेर सोडणारी झडप बंद करा, 20 सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबापर्यंत मशीनची श्वासाची पिशवी दाबा आणि कुत्र्याच्या तोंडाशी कान न्या. सुस्कारा ऐकू आला तर थोडी थोडी हवा भरा. आवाज थांबला की तुम्हीही थांबा. झडप लगेच उघडा. ती विसरल्यानं कुत्रे दगावतात. बरीच हवा भरूनही गळतीच असेल, तर ट्यूब लहान आहे किंवा कफ फाटलाय. बदला. कुत्रा कुशीवर वळवताना ट्यूब मशीनपासून सोडवून घ्या, नाहीतर ती आत पिळली जाऊन इजा करते.

नसबंदीच्या शिबिरात "इंजेक्शनचीच तर भूल आहे, ट्यूब कशाला?" असं हमखास ऐकू येतं. भुलेच्या इंजेक्शनातल्या झायलाझिननं कुत्री उलटी करतात, आणि ती श्वासनलिकेत जाऊ शकते. त्यासाठी.

कुत्रा गिळायला लागला की कफमधली हवा काढून ट्यूब काढा. पगची घाई करू नका, तो ट्यूब चावायला लागेपर्यंत राहू द्या. नंतर एखाद-दोन दिवस किरकोळ खोकला चालतो. पण मानेची कातडी फुगली आणि दाबल्यावर कुरकुर वाजली, तर श्वासनलिका फाटल्याची शंका धरा. फोनवर औषध सांगत बसू नका. ऑक्सिजनची सोय करून उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याच दिवशी पाठवा.