शाळेत साथ पसरू नये म्हणून काय करायचं: सुरुवात हजेरीपासून

गालाला हात लावून तो दारात उभा होता, तिसरीतला, म्हणाला "बाई, दाढ दुखतीये." घटक चाचणीचा दिवस होता म्हणून मी त्याला दाढेत धरायला लवंग दिली आणि दोघांच्या मध्ये बसवला. दुपारी खिचडीच्या वेळी नीट बघितलं तेव्हा कळलं की सूज दाढेवर नाहीचे, कानाच्या खाली आहे आणि कानाची पाळी वर ढकलल्यासारखी दिसतेय. गालगुंड. अडीच आठवड्यांनी त्याच्या दोन्ही बाजूची पोरं एकाच दिवशी गैरहजर, आणि मग महिनाभर एकेक करत नऊ जण. नंतर कळलं की त्या दिवशी त्याची आई खुरपणीला गेलेली, घरी कोणी नव्हतं, आणि चाचणी बुडाली तर बाई ओरडतील अशी त्याला भीती होती. ते ऐकून मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

त्यानंतर मी शाळेत बऱ्याच गोष्टी बदलल्या आणि त्यातून जे कामाला आलं ते इथे लिहितेय, माझ्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या सर-मॅडमसाठी मुख्यतः, पण पालकांनीही वाचावं.

सगळ्यात आधी एक करा, शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा. मला माहितीये की पटाचं आणि उपस्थितीचं वरून किती प्रेशर असतं, पण त्या बक्षिसापायी पोरं अंगात ताप घेऊन येतात, आणि आई-बाप क्रोसिन पाजून पाठवतात, थोडा वेळ ताप उतरतो, अकरा वाजता परत चढतो, तोवर पोरगं चाळीस जणांत शिंकून झालेलं असतं. बक्षीस द्यायचंच असेल तर नियमित अभ्यासाला द्या, वाचनाला द्या. आणि वर्गात मोठ्याने सांगा की आजारी असताना घरी राहिलं तर बाई ओरडणार नाहीत, चाचणी नंतर घेतील. हे एकदा सांगून भागत नाही, दर सोमवारी परिपाठात सांगावं लागतं, कारण पोरांना खरंच वाटत नाही.

आता घरी ठेवायचं म्हणजे किती दिवस, हा प्रश्न पालक हमखास विचारतात आणि आपल्याला उत्तर पाठ पाहिजे. नुसता ताप असेल तर औषध न देता पूर्ण एक दिवस ताप आला नाही की पाठवा. जुलाब-उलटी थांबल्यावर दोन दिवस. कांजिण्या असतील तर शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, साधारण आठवडा जातो. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, पण खरं दुखणं हे की पुरळ दिसायच्या आधी चार दिवस तो पसरत असतो आणि गोवराचा विषाणू बंद खोलीत दोन तासांपर्यंत हवेत राहतो, म्हणून गोवरात एकटं त्या पोराला घरी पाठवून काम संपत नाही. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. कावीळ झाली की डोळे पिवळे दिसल्यापासून निदान एक आठवडा. डोळे आले असतील तर चिपडं यायची थांबेपर्यंत. हाता-पायावर आणि तोंडात फोड येतात ना लहान पोरांना, त्यात ताप जाऊन फोड सुकेपर्यंत. हा हिशोब मी एका कार्डशीटवर मोठ्या अक्षरात लिहून ऑफिसच्या दाराला चिकटवलाय आणि त्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर जूनला टाकते.

कांजिण्यांबद्दल एक वेगळं सांगायचंय. आमच्याकडे अजून "आई आली" म्हणतात, घराला कडुलिंबाचा डहाळा लावतात, पोराला वेगळं निजवतात, बाहेरच्याला आत घेत नाहीत. नवीन शिक्षक हे ऐकून अंधश्रद्धा म्हणून वाद घालायला जातात, मला ते पटत नाही. वेगळं ठेवायची रीत तर आपल्याला हवीच आहे, त्या रीतीला धरूनच बोला. "आत्या, आई आलीये तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळेत पाठवू नका, आणि ताप जास्त असला, पोरगं गुंगीत गेलं, धाप लागली तर सरकारी दवाखान्यात दाखवा, त्याने काही कोप होत नाही" एवढं प्रेमाने म्हटलं की ऐकतात. फक्त मेडिकलमधून मनाने ॲस्पिरिनची गोळी द्यायची नाही हे मात्र ठासून सांगा, कांजिण्यात ती मुलांना धोक्याची असते.

आता हजेरी. आपण रोज हजेरी घेतो आणि "गैरहजर" लिहून पुढे जातो, पण गैरहजर का, हे लिहिलं तर तोच तुमचा साथ पकडायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. सरकारी हजेरीपटावर खाडाखोड नको, मी वेगळी साधी वही ठेवलीये, तारीख, पोराचं नाव आणि एक अक्षर, ता म्हणजे ताप, जु म्हणजे जुलाब, पु म्हणजे पुरळ, डो म्हणजे डोळे, लग्न असेल तर ल. शेजारच्या पोराला विचारलं की दोन मिनिटात कळतं कोण का आलं नाही. एका आठवड्यात एकाच वर्गात दोन पु दिसले की मी त्याच दिवशी आशाताईला आणि आरोग्य सेविकेला फोन करते, तिसऱ्याची वाट बघत नाही. 2022च्या शेवटी मुंबईत गोवंडीत गोवराची साथ आली ती आठवा, लहान लेकरं गेली त्यात, आणि बाधित मुलांत लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली बरीच होती. गोवर आलेल्या पोराशी संबंध आल्यावर 72 तासांच्या आत लस मिळाली तर पुढचा आजार टळू शकतो, म्हणून फोन लवकर केला तर उपयोग आहे, चार दिवसांनी नाही.

लसीचं म्हणाल तर पहिलीच्या प्रवेशालाच लसीकरणाचं कार्ड मागा. गोवर-रुबेलाचे दोन डोस, पहिला 9 ते 12 महिन्यांत आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत. नोव्हेंबर 2018 मध्ये शाळाशाळांतून मोहीम झाली होती तेव्हा पालकांनी घाबरून पोरं दडवली होती, आज तीच पोरं मोठी झालीत. दहा आणि सोळा वर्षांला टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं, इंजेक्शन असतं, ते पाचवीच्या आणि दहावीच्या पोरांचं राहून जातं. ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या पोरांची कार्डं सापडतच नाहीत, त्यांची यादी वेगळी काढून आरोग्य सेविकेला द्या. आणि हे लक्षात ठेवा की सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस नाहीये, त्यामुळे "सगळ्या लशी झाल्यात" म्हणणाऱ्याला पण गालगुंड होऊ शकतं.

हात धुणं सगळ्यांना माहितीये, तरी होत नाही, कारण नळ एक आणि पोरं एकशे दहा. आम्ही पीव्हीसी पाइपला वीतभर अंतरावर भोकं पाडून टाकीला जोडला, गावातल्या प्लंबरनेच करून दिला, आता दहा पोरं एकदम हात धुतात. साबणाची वडी ठेवली की चिखलात पडते नाहीतर दुसऱ्या दिवशी गायब, म्हणून कपडे धुवायच्या पावडरची छोटी पुडी दीड लिटरच्या बाटलीत पाण्यात विरघळवून झाकणाला खिळ्याने भोक पाडून पाइपाला बांधून टाकली, दाबलं की फेसाचं पाणी येतं. वीस सेकंद चोळायचे हात, बोटांच्या बेचक्यात पण, आम्ही दोनचा पाढा सावकाश दोनदा म्हणायला लावतो. सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका, मळलेल्या हातावर ते चालत नाही आणि जुलाब-काविळीच्या जंतूंवर साबण-पाणीच खरं.

पाण्याच्या पिंपात पोरं ग्लास बुडवतात तिथे सगळा घोळ होतो. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, किंवा नळाची तोटी असलेलं पिंप घ्या. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचं तर हजार लिटरला 5 ग्रॅम, पण तशीच पावडर ओतायची नाही, बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकायची आणि अर्धा तास थांबून मग प्यायला द्यायचं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे पाण्यातला क्लोरीन तपासायचं ओटी टेस्टचं किट असतं, त्याला बोलवा, पाणी पिवळं दिसलं म्हणजे क्लोरीन आहे. उघडी पडलेली, दमट झालेली टीसीएलची पिशवी कामाची राहत नाही.

खिचडी शिजवणाऱ्या ताईला जुलाब किंवा कावीळ असेल तर तिला चुलीपाशी जाऊ देऊ नका, पण त्या दिवसांचे पैसे कापू नका, नाहीतर ती पुढच्या वेळी सांगणारच नाही.

वर्गातली हवा बघायला सोपी युक्ती आहे. एक उदबत्ती लावून वर्गाच्या मधोमध ठेवा आणि धूर बघा. आमच्या चौथीच्या वर्गात तो सरळ वर जाऊन तिथेच घोटाळत होता, म्हणजे खिडक्या तीन असून दोन जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांनी बंद होत्या. गठ्ठे हलवले, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या, धूर सरकन बाहेर. पावसाळ्यात झड येते म्हणून खिडक्या लावून घेतो आपण, तर एका बाजूची तरी उघडी ठेवा.

कुणी वर्गात उलटी केली तर पोरांना बाहेर काढा, आणि पोरांकडून कधीच पुसून घेऊ नका. राख किंवा माती टाकून गोळा करा, मग एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून त्या जागेवर दहा मिनिटं ठेवा, हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी. त्या पोराला ओआरएस द्यायचं, पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे.

बाकी किरकोळ. खरूज असेल तर एकट्या पोराला मलम लावून जात नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी करायला पाठवा. आठवड्यातून एक दिवस शाळेतली पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या, मैदानावरचे टायर कोरडे करा, डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यातच वाढतो.

आणि पोरगं बरं होऊन परत आलं की त्याला एकदम फळ्यापुढे उभं करून बुडालेला अभ्यास विचारू नका. मी शेजारच्या पोराच्या वहीचे फोटो काढून आईच्या फोनवर आधीच पाठवते, फोन नसेल तर वहीच संध्याकाळी शेजारच्या घरच्यांसोबत पोचती करते, आणि त्याची जागा तशीच रिकामी ठेवते. गालगुंडवाल्या त्या पोराची चाचणी मी अकराव्या दिवशी घेतली, मधल्या सुट्टीत, ऑफिसात बसवून. वीसपैकी सतरा पडले.